शेवटचा मान

३ जून
ठरलं. यापुढे मी नुसता व्हायोलिनवादक नाही. मैफली, शिकवणं आणि कोलॅबरेशन, असं तिहेरी करिअर. व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकलं. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

४ जून
रियाज झाला नाही. नांदेडच्या उकाड्यात तारा उतरतात. कलावंताने तारांचाही विचार करावा.

७ जून
कंधारच्या शाळेतून पुन्हा विचारणा, संगीत शिक्षक म्हणून येता का. बायको रेणुका म्हणाली, 'हाव म्हणून टाका. महिनाअखेरपर्यंतच थांबणार हायेत ते.' रेणुकाला कलेतलं कळत नाही. मी काय प्रार्थनेला पेटी बडवायला जन्मलो? ही नोकरी माझी शिष्या धम्मप्रियाला शोभेल, असं शाळेला सुचवून टाकलं. मन मोठं पाहिजे.

१२ जून
लातूर! नीटचे क्लास चालवणारे सुदर्शन सर भेटले. कल्पना ऐकवली: पोरं जीवशास्त्र वाचतायत, मागे संथ यमन, धडे आपोआप डोक्यात. संगीत आणि विज्ञानाचा संगम! सर घड्याळाकडे बघत म्हणाले, 'मंगळवारी या. बघू.' भारावलेले दिसले.

१८ जून
अभ्यासिकेत पहिला प्रयोग. आलापी सुरू करताच अख्खा हॉल उभा राहिला! मग पुस्तकं आणि बाटल्या उचलून बाहेर गेला. ऐकलेलं मुरवायला एकांत लागतो. एक मुलगी कानांवर हात ठेवून गेली. सूर सांडू नयेत म्हणून असणार.

१९ जून
सरांचा स्वतःहून फोन! म्हणाले, 'रोज या, पण बॅच सुटताना वाजवा. घंटा बिघडल्यापासून पोरं जागची हलून नाही राहिली. दुसरी बॅच दारात ताटकळते.' म्हणजे शेवट माझा. मैफलीत शेवटी कोण बसतं? सगळ्यात ज्येष्ठ कलावंत. रेणुकाला हे नीट समजावलं. ती कणीक मळत राहिली.

२२ जून
रोज लातूर. एसटीत रियाज होत नाही, व्हायोलिनचा गज शेजारच्याला लागतो.

२७ जून
शाळेचा शेवटचा फोन. ठणकावून नाही म्हणालो. रेणुका म्हणाली, 'घरात मी एकटीच कमवून राहिले, अन् तुमी मान घेऊन बसलात.' जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो.

२ जुलै
सुदर्शन सरांचा फोन. घंटा दुरुस्त झाली. उद्यापासून येऊ नका. घंटेला सूर लावत बसावं लागत नाही म्हणे.

कंधारला फोन लावला, सहज. जागा भरली होती. संध्याकाळी धम्मप्रिया पेढे घेऊन आली, पाया पडली. म्हणाली, 'सर, तुम्ही नाव सुचवलं म्हणून लागले.' मग जरा अडखळत म्हणाली, शाळेला व्हायोलिन घ्यायचंय, तुमचं पडूनच असेल तर द्याल का. मला एकदम रडू आलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तर रेणुका तिला चहा देत होती. माझ्याही हातात कप दिला. काही बोलली असती तर उत्तर तयार होतं.

धम्मप्रिया व्हायोलिन न्यायला शनिवारी येणार आहे. तोपर्यंत रोज पहाटे पाचला रियाज.