थोरलीचे विरजण

ता. ३ मार्च

चिरंजीव धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त. चार वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा सहज लिहिले असे म्हणणार नाही. येत्या महिन्यात आपल्या अत्तरघराला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यासाठी थोरलीची खास खेप तयार झाली आहे. तू दोन दिवसांसाठी ये, एवढेच मागणे.

पुढचे तुझ्या लेकीला वाचून दाखव. तिला आठवे लागले. घरची विद्या कानावर पडायला हवी. बाळ, थोरली म्हणजे तुझ्या खापरपणजीने घडवलेले निशिगंधाचे अत्तर. माझ्या जन्माच्या दिवशी आजी म्हणाली होती, "थोरली घरात आहेच, ही दुसरी." घरातला मान अजूनही तिलाच आहे!

निशिगंध खुडल्यावरही दोन दिवस गंध सोडत राहतो, म्हणून त्याला उकळायचे नाही. चौकटीतल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर ऐंशी फुले मांडायची, एकही पाकळी दुसरीवर चढू न देता. दुसऱ्या दिवशी ती उचलून नवी मांडायची. असे तीस दिवस. फुलांनी सोडलेले सारे चरबी पिऊन घेते. मग ती स्पिरिटमध्ये धुतली की गंध स्पिरिटमध्ये उतरतो. किती सुंदर युक्ती आहे, पाहा! यंदाची फुले टपोरी होती, दुधाळ, टोकाला किंचित गुलाबी. शंभर फुलांचे वजन गेल्या वर्षीपेक्षा अकरा ग्रॅम जास्त भरले.

शेवटी विरजण. दर वर्षीच्या नव्या खेपेत मागच्या खेपेचा दहावा हिस्सा मिसळायचा. म्हणून आजच्या कुपीतही खापरपणजीच्या हातचा अंश आहे.

आणि दोन चिठ्ठ्या. घरातली दोन माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसून खेप हुंगतात आणि 'होय' किंवा 'नाही' लिहून पितळी वाटीत टाकतात. दोन्ही 'होय' असतील तरच कुप्या भरायच्या.

बाकी विशेष नाही. गेल्या आठवड्यात धुण्याच्या खोलीत स्पिरिटचे पिंप झिरपले, एवढेच. मी तिथेच वजने घेत होते. आपले भट्टीवाले काका धावत आले, पहिल्यांदा बर्नर विझवला आणि मग माझ्यावर पेटले. "अहो ताई, दारापर्यंत भपकारा येतोय नि तुम्ही मांडी ठोकून बसलाय! नाक काय घरी ठेवून आलात?" कामात गढले होते मी. तू मात्र ये.

तुझी,
ताई


ता. १४ मार्च

धाकटे,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. "चार पाने फुलांवर लिहिलीस. रंग आहे, वजन आहे, आकडे आहेत. वास कसा येतोय, ते कुठेच नाही. ताई, कधीपासून?"

ते कार्ड मी तीन दिवस पदराआड घेऊन हिंडले. बाबांनी पाहू नये म्हणून, असे स्वतःला सांगत होते. खरे तर मलाच ते पुन्हा दिसायला नको होते.

क्रमाने सांगते.

चार वर्षांपूर्वी मला तो ताप आला. आठ दिवसांनी उठले तेव्हा साबण, कॉफी, रॉकेल, सगळे सारखेच झाले होते. येईल परत, असे धरून चालले. पंधरवड्याने त्या वर्षीच्या खेपेच्या चिठ्ठ्या होत्या. तुझी चिठ्ठी होती 'नाही', आणि खाली तू लिहिले होतेस, "चरबी खवटली आहे." माझी होती 'होय'. बाबांनी सर्वांसमोर मला पुन्हा हुंगायला लावले. मी अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले, मनात दहा अंक मोजले आणि म्हणाले, "उत्तम आहे." बाबा तुला म्हणाले, "अहो नाकवाल्या बाई, सर्दी झालीय तुम्हाला. वाफ घ्या आणि थोरल्यांकडून शिका." कामगार हसले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी वाटी पुसत राहिले.

धाकटे, मला कसलाच वास आला नव्हता. वजने बरोबर होती, म्हणून 'होय' लिहिले.

तुझी चिठ्ठी बाजूला सारून बाबांनी कुप्या भरायला लावल्या आणि तू त्याच आठवड्यात घर सोडलेस. तेव्हापासून दुसरी चिठ्ठी बाबा लिहितात. ऐंशीच्या पुढचे नाक; आपल्या खोलीत जाण्याआधी ते माझा चेहरा पाहून घेतात आणि तसे लिहितात, मी तराजूकडे पाहून. चार वर्षांत थोरलीला कुणीही हुंगलेले नाही. काकांना वास येतो, पण कामगाराने खेपेवर बोलायचे नाही हा आपलाच नियम.

आता विरजणाचा विचार कर. ती खेप खवट असेल, तर तिचा दहावा हिस्सा पुढच्या वर्षीच्या खेपेत गेला, त्यातला त्याच्या पुढच्या वर्षी. हिशेबाने तो घटत गेला असेल, असे मी स्वतःला समजावते. पण चरबी शुद्ध करताना एकदा झालेली चूक दरवर्षी पुन्हा होत असेल तर? कपाटात जुन्या ग्राहकांची सात पत्रे आहेत. सगळ्यांचा सूर एकच: पूर्वीची राहिली नाही. एकालाही मी उत्तर दिलेले नाही.

भीती कशी असते, सांगू? रोज सकाळी उठून मी उशीला नाक लावते. मग दाराला कडी घालून कपाटातली प्रत्येक बाटली उघडते. पिंप झिरपल्यापासून खोलीत शिरताना फरशीवर हात फिरवून पाहते, ओल लागते का ते. स्वतःच्याच कामाच्या खोलीत आंधळ्यासारखी.

काल यंदाच्या खेपेच्या चिठ्ठ्या होत्या. बाबांनी वाटी समोर घेतली. त्यांची चिठ्ठी 'होय'. माझी उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी लिहिले होते, 'मला कळत नाही.'

"हे काय लिहिलंयस?" त्यांनी विचारले.

"खरं ते लिहिलंय, बाबा."

"कधीपासून?" तुझाच प्रश्न, तुझ्याच स्वरात. मी सगळे सांगितले. त्यांनी खेपेची बरणी हाताने दूर सारली. मग म्हणाले, "म्हणजे धाकटीला मी उगाच..." आणि वाक्य तिथेच राहिले. दुपारी त्यांनी काकांना सांगून कुप्या भरणे थांबवले. शंभरीचे आमंत्रण गेलेल्या लोकांना काय कळवायचे, हे कुणालाच सुचलेले नाही.

तू घर सोडलेस त्याच्या आदल्या वर्षीची एक बरणी मेणाने बंद केलेली सापडली आहे. ती शेवटची चांगली खेप. तिच्यातले विरजण घेऊन नव्याने सुरुवात करता येईल; पण तीही टिकली आहे की नाही, हे या घरात सांगणारे कुणी नाही. मेण मी फोडलेले नाही. हिंमत झाली नाही.

तू येऊन हुंगलेस आणि 'नाही' म्हणालीस तर चार वर्षांच्या खेपा ओतून टाकाव्या लागतील, ती बरणीही बिघडली असेल तर थोरली संपेल, आणि ते माझ्या हातून झालेले असेल. याची मला भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. तू येशील, माझे तोंड पाहशील, आणि मला वाचवायला 'होय' म्हणशील. धाकटे, तेव्हा तू घाबरली नाहीस, आताही घाबरू नकोस. माझ्यावर दया करू नकोस.

तुझ्या 'नाही'वर चार वर्षे उशिरा विश्वास ठेवणारी,
ताई