लाल मासे आणि अकोल्याचं पाणी

बाबा, आज तुमच्यावर पुन्हा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं सगळं निवलं असेल. कसलं निवतंय! आज तुमच्या नातीला पाहायला पातूरकडची माणसं आली होती. घर चांगलं, शेती काळी, मुलगा शिकलेला, असं सगळं बोलणं झाल्यावर मी आतल्या दारातून विचारलं, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे? बैठकीतले सगळे हसले. तुमच्या जावयांनी डोळे वटारले, आणि पाहुणे टांग्यात बसल्यावर आत येऊन म्हणाले, "काय बाई हायेस तू! लोक जमीन इचारतात, तू पानी इचारून राहिली." मी म्हटलं, "माह्या बापानं इचारलं नव्हतं, म्हनून मी इचारलं." ते टोपी घालून बाहेर निघून गेले आणि मी हे लिहायला बसले. भावकीचं बोलणं ऐकून घेत मला चार यत्ता शिकवलं तुम्हीच. त्या शिकण्याचा उपयोग आज तुमच्याशी भांडायला होतो आहे.

ते लाल मासे तुम्हाला आठवतात का? धामणगाव रेल्वेच्या कापसाच्या जिनातल्या साहेबाच्या बागेला तुम्ही रोपं पुरवत होतात. साहेबाची बदली झाली आणि जाताना मडमेनं तुम्हाला काचेची पेटी दिली, आणि झाकणाच्या पितळी डब्यात, त्यांच्याच पाण्यात पोहणारे मासे. तुम्ही तो डबा गाडीत मांडीवर धरून अमरावतीला आणलात. आपल्या बागेतल्या विहिरीचं पाणी मी पेटीत भरून तयारच ठेवलं होतं. डबा उपडा करायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब बेटा. गाडीत हिंदकळून आले थे. आपलं पानी त्याइले नवं हाये. आधी पानी ओळखू दे." मग तुम्ही डबा तसाच पेटीच्या पाण्यात टेकवून ठेवलात, वर ओलं फडकं टाकलंत आणि मधून मधून आपल्या विहिरीचं एक वाटी पाणी डब्यात सोडत बसलात. शेजारणी कणकेच्या गोळ्या घेऊन आल्या, माशांना खाऊ घातलं की पुण्य लागतं म्हणून. तुम्ही त्यांना दारातूनच परत लावलंत. "आज उपास राहू द्या त्याइचा. नव्या जागी पोट भरलं का जीव घाबरते." त्या दिवशी शेवंतीची पाटी बाजारात गेलीच नाही. फुलं मान टाकून पडली आणि माय दिवसभर फणफणत होती. पण तुम्ही उठला नाहीत. संध्याकाळी डबा हळूच कलता केलात आणि मासे आपले आपण बाहेर आले, एकेक करून, भिंतीला नाक लावून पाहत. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "रोप लावलं का आपन सावली देतो ना? जीव कोनताही असो, उपटून लावला का त्याले येळ द्या लागते."

हे तुमचं वाक्य, बाबा. माझं नाही.

मग ते मासे माझे झाले. पाणी उपसून सावलीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पेटीतलं थोडंच काढायचं आणि तेवढंच घालायचं, खाणं चिमटीभर, राहिलेलं लगेच उचलायचं. सगळं तुम्ही शिकवलंत, मी केलं. मी पेटीजवळ गेले की ते वर यायचे. माय म्हणायची, पोरीला घरातल्या माणसांपेक्षा मासे जास्त ओळखतात. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि अकोल्याची माणसं मला पाहायला आली. माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माशांकडे कितीतरी वेळ पाहिलं. "वा! काय रंग हाये!" झालं. तुमचा तो नेम! पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू घरात ठेवायची नाही. आपल्या घरी नेहमी तेच. चांगली वांगी दुसऱ्याच्या पाटीत, किडकी आपल्या कालवणात. पहिला मोगरा डॉक्टरीणबाईंच्या दारी. मी कधी काही बोलले नाही. पण त्या दिवशी तुम्ही पेटी उचलायला वाकलात तेव्हा मी पाहुण्यांसमोर नाही, मागच्या अंगणात तुम्हाला अडवलं. म्हटलं, "बाबा, अकोल्याच्या त्या भागातलं पानी खारं हाये. हे मरतीन." तुम्ही इकडे तिकडे पाहिलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "मोठं घर हाये थे. त्याइच्या पान्याले आपन नावं ठेवाची नसते." निदान सावकाश पाणी मिसळायला तरी सांगा, म्हटलं. "पोरीचा बाप हावो मी. शिकवाले जाऊ का त्याइले?"

मासे मेले. मध्यस्थ निरोप घेऊन आला, मासे काही टिकले नाहीत, पण काच लई चांगली हाये, कामात येईन. तुम्ही मान खाली घालून बराच वेळ सुतळी वळत बसलात. मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता तरी तुमच्या लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी तुम्ही लग्नाचा मांडव घालायला बांबू आणलेत.

ज्या पाण्यात मासा जगला नाही त्या पाण्यात तुम्ही पोर धाडली. माशांसाठी शेवंतीचा अख्खा दिवस वाया घालवलात आणि मला सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरवून, दुसऱ्या गाडीत बसवून दुपारपर्यंत उपडी केलीत. फडकं नाही, वाटी नाही, सावली नाही.

सासरी ओसरीत पेटी होती. तिच्यात ढोरांची सरकी भरून ठेवली होती. त्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, केसांच्या जटा व्हायच्या, पोटात सारखी कळ. तुरीची डाळ तर शिजायचीच नाही, चूल फुंकून डोळे जायची वेळ. सासूबाई पंगतीत सांगायच्या, माळ्याच्या पोरीला डाळ शिजवता येत नाही. मी एकदा म्हटलं, पाण्यामुळे होतं. त्या म्हणाल्या, "आमी समदे हेच पानी पेतो. मेलो का आमी?" गावात गोडं पाणी मिळत नव्हतं असं नाही. पण बापजाद्यांची विहीर सोडून दुसऱ्याच्या विहिरीवर जाणं त्या घराला कमीपणाचं होतं.

आणि मग तुम्ही आलात. खांद्यावर कळशी, तिच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. सासूबाईंना वाटलं, तूप आणलं. तुम्ही ती कळशी ओसरीत माझ्यापुढे ठेवलीत आणि कुणी ऐकत नाही असं पाहून म्हणालात, "आपल्या हिरीचं हाये बेटा. एकदम नोको पेऊ. इथल्या पान्यात थोडं थोडं मिसळ, मंग कमी कमी करत जा." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं! मी तुमचे पाय धरले. म्हटलं, "बाबा, पानी काहून आनलं? मले घेऊन चाला." तुम्ही टोपी काढून हातात फिरवत राहिलात. "पानी आनलं ना बेटा," एवढंच पुन्हा म्हणालात. मी ओरडले, हे पाणी तुळशीत ओतून टाकीन. तुम्ही चहासुद्धा न घेता स्टेशनवर गेलात. पण पुढच्या महिन्यात परत कळशी घेऊन आलात, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्ही भरली कळशी ठेवायचात, रिकामी घेऊन जायचात.

पाणी आणण्याची हिंमत होती, बाबा, पोर परत नेण्याची नव्हती. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पातूरच्या लोकांना मी उद्या निरोप धाडणार आहे, तुमच्या विहिरीचं तांब्याभर पाणी पाठवा. लोकांना काय हसायचं ते हसू दे. पोर आधी ते पिऊन पाहील, मग पुढचं बोलणं. जावई तुमचे रुसले तर रुसोत.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? लुगड्याच्या घडीत राहील. पण एक गोष्ट आहे, मी तुमच्या समोर असते तर ती तोंडातून निघाली नसती. मी ते पाणी तुळशीत ओतलं नाही. तुम्ही सांगितलंत तसंच मिसळत गेले, कमी कमी करत गेले, आणि एक दिवस तुमची कळशी भरलेलीच परत दिली. तुम्ही ती उचललीत तेव्हा तुमचा चेहरा पाहायला नको म्हणून मी आत गेले. गेल्या दिवाळीत भावाकडे अमरावतीला गेले होते. वहिनीनं बागेतल्या विहिरीचं पाणी तांब्याभर दिलं आणि विचारलं, "कसं लागते माहेरचं पानी?" मी म्हटलं, अमृत. बाबा, ते मला अळणी लागलं.