अर्जदाराचे नाक ग्राह्य धरू नये

प्रति,
मा. आरोग्य निरीक्षक साहेब (जलतरण तलाव),
जिल्हा कचेरी, अश्केलोन.

अर्जदार: नेहेमिया बारूख वाक्रूळकर, वय ५१, क्लोरीन-कोठीचा कामगार, शिकमा विश्रांतिगृह, अश्केलोन.

विषय: तलावाची क्लोरीनची कोठी रविवारपूर्वी बंद करून मोहोर लावणेबाबत.

संदर्भ: कोठीचे रोजचे रजिस्टर, दि. १२ मे ते ३ जून १९६३.

महोदय,

१. अर्जदाराला हिब्रू बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणून अर्ज मराठीत केला आहे. आपल्या कचेरीतील टाइपिस्ट नाथान मूळचे रेवदंड्याचे, ते वाचून हिब्रूत सांगतील. कन्या ओरना हिने केलेला हिब्रू तर्जुमा सोबत आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

२. अर्जदाराने मुंबईस पाण्याच्या टाकीवर क्लोरीनच्या कोठीत अकरा वर्षे काढली. तेथे पंखा जमिनीलगत बसवलेला असे, आणि जोडाजवळ अमोनियाचा बोळा धरल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नसे. गळती असली की बोळ्याभोवती पांढरा धूर धरतो. जोडात घालायची शिशाची चकती, म्हणजे वायसर, एकदा दाबला की पुन्हा वापरायचा नाही, हे तेथे नव्या माणसाला त्याचे नाव विचारण्याआधी सांगत.

३. येथे दि. १२ मे रोजी यंत्र बसवले. पंखा नाही. शिशाचा वायसर मिळाला नाही म्हणून ट्रॅक्टरच्या सामानातला रबराचा घातला. रबराला हा वायू खाऊन टाकतो. कोठीच्या भिंतीत जमिनीलगत जाळी आहे, आणि जाळीपलीकडे, तीन पायऱ्या खाली, मुलींची कपडे बदलण्याची खोली. क्लोरीन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, पायऱ्या उतरतो. अर्जदाराने हे व्यवस्थापक दोव यांना पहिल्याच दिवशी सांगितले. ते हसून म्हणाले, "नेहेमिया, तुझं नाक आहे ना? मग पंखा कशाला?" दोव मनाने वाईट नाहीत. आणि खरे सांगायचे तर अर्जदारालाही त्या बोलण्याने बरे वाटले. या देशात आल्यापासून त्याच्या कोणत्याही गुणाचे कोणी नाव काढले नव्हते.

४. तेव्हापासून अर्जदार रोज सकाळी सातला कोठीत शिरून हुंगे, आणि रजिस्टरात "गळती नाही" असे लिहून सही करी. शब्बाथचे शनिवार वगळून अशा सह्या वीस झाल्या. बोळा एकदाही धरला नाही. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

५. मंगळवार दि. ४ जून रोजी अर्जदाराने रजा घेतली होती, कारण घरी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिद्याचा विधी होता. ओरना लष्करातून सुखरूप परतली, तिचा नवस होता. रिवाजाप्रमाणे सबजाची डहाळी हातोहात फिरली. ज्याने त्याने सुवासाची बराखा, म्हणजे देवाच्या आभाराची प्रार्थना, म्हणायची आणि मग ती हुंगायची. अर्जदाराने बराखा म्हटली, डहाळी नाकाशी नेली, आणि काहीच नाही. त्याने पत्नी डिना हिला हळूच विचारले, "शिळी आणलीस का गं?" ती म्हणाली, "अहो, घर भरून गेलंय वासानं. काय बोलता तुम्ही?" मग म्हणाली, "तुमच्या सदऱ्याचा तो उग्र वास महिना झाला धुऊन जात नाही. मला वाटलं, कामाचाच असतो." देवाचे नाव घेऊन म्हटलेली बराखा फुकट गेली. वीस सह्या आठवल्या तेव्हा अर्जदार डहाळी पुढच्याच्या हाती देऊन बाहेर गेला. नाक नेमके कोणत्या दिवशी गेले हे अर्जदारास सांगता येत नाही.

६. दुसऱ्या दिवशी त्याने धोबीखान्यातून अमोनिया आणून बोळा धरला. जोडाशी पांढरा धूर निघाला, नंतर खाली जाळीशीही निघाला. जाळीलगतच्या कुंडीतले जिरॅनियम पांढरे पडले आहे. तेथे निजणारी मांजर दिसत नाही. सिलिंडरची चावी बंद केली तर दोव ती पुन्हा उघडायला लावतात, कारण रविवारी पाणी शुद्ध हवे. त्यांना कोठीत बोलावले. दार सताड उघडे ठेवून, तोंडात सिगारेट धरून त्यांनी हुंगले, "काही नाही" म्हणाले, आणि रजिस्टर उघडून अर्जदाराच्याच सह्या त्याच्यापुढे धरल्या.

७. रविवार दि. १६ जून रोजी सकाळी आठ वाजता शाळेच्या बत्तीस मुली पोहण्यास येणार आहेत. आधी त्या कपडे बदलण्याच्या खोलीत जातील आणि दार आतून लावून घेतील.

८. परिच्छेद पाच ओरनाने तर्जुम्यात घेतलेला नाही. "अब्बा, हे लिहिलंत तर तुम्हाला काढून टाकतील," असे ती हिब्रूत म्हणाली, आणि ती म्हणते ते खरे आहे. अर्जदाराला त्याची भीती वाटते. परंतु तिच्या तर्जुम्यात अर्जदार नुसता पंखा मागणारा माणूस झाला आहे, आणि वाचणारा असेच समजेल की पंखा येईपर्यंत तेथे एक शाबूत नाक आहे. सबब मूळ मराठी मजकूरच खरा धरावा, शनिवार मावळण्याची वाट न पाहता कोठीस मोहोर लावावी, पंखा व शिशाचे वायसर बसल्याशिवाय ती उघडू देऊ नये, आणि दाखल सह्या अर्जदाराच्या असल्या तरी त्याचे नाक कोणत्याही कारणासाठी ग्राह्य धरू नये, ही विनंती.

आपला नम्र, आणि रविवारी सातपासून कोठीच्या दारात उभा असणारा,
नेहेमिया बारूख वाक्रूळकर
अश्केलोन, गुरुवार दि. १३ जून १९६३

सोबत:
१) हिब्रू तर्जुमा (परिच्छेद पाच नसलेला).
२) जिरॅनियमचे पान, एक.
३) सबजाची डहाळी, एक. डिनाने आज सकाळी दारातल्या डब्यातून खुडली आहे. साहेबांनी कृपया हुंगून पाहावी. तिला वास असेल, तर अर्जदाराचे सर्व म्हणणे खरे समजावे.