पावणेतीनचा मुहूर्त

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ मार्च २०२६

ती. क्लेमेंटिनाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या भाचीचं, आपल्या व्हेनेसाचं लग्न ठरलं. ऋतुराज ठाकुर्लीचा, गुणी मुलगा. ख्रिस्ती मुलगी म्हणून त्याच्या मामा-काकांनी नाकं मुरडली, पण त्याची आई मालनताई खंबीर राहिल्या.

साखरपुडा तीन एप्रिलला, मुहूर्त पावणेतीनचा. कॅलेंडर मालनताईंनीच पाहिलं. गुड फ्रायडेची सगळ्यांना सुट्टी, शिवाय नावातच गुड, म्हणजे तुमच्याकडचाही चांगला दिवस, असं म्हणून त्या इतक्या हरखल्या की माझ्या तोंडून शब्द फुटेना. आता सांगितलं आणि मोडलं तर? तू ये, आणि पप्पांना समजाव.

लोभ आहेच, तो रागावून कमी करू नकोस.
तुझा इनास

शहाड
१७ मार्च

चि. इनासला आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, कानांपाठोपाठ डोळेही गेले. अरे, त्या दिवशी देवळातली घंटासुद्धा मुकी असते. तिच्याऐवजी पप्पा चाळीस वर्षं लाकडी खटखटा वाजवतात, बरोबर तीनला, प्रभूने प्राण सोडला त्या घटकेला. आई त्या दिवशी केसांना तेल लावत नसे. आणि तू पेढे वाटणार?

मालनताईंचा काय दोष? गुड लिहिलंय, त्यांनी गुड वाचलं. तोंडात मिठाची गुळणी धरलीस ती तू. ज्या बाईने मामा-काकांना गप्प केलं, ती तारीख बदलायला कचरेल? एक फोन कर. मी येणार नाही, तीनला मी देवळात असेन.

फोन केलास तरच लोभ राहील.
ताई

कोपरी
५ एप्रिल, ईस्टर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला नाही. रोज उद्यावर ढकलला.

पप्पांना हॉलवर नेलं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. उपाशीपोटी, काळ्या कोटात ते कोपऱ्यात बसून राहिले. अंगठ्या झाल्या, फोटो चालू होते. तीनला ते उठले, पिशवीतून खटखटा काढला आणि तीनदा वाजवला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मग लोकांना वाटलं, ही आपल्याकडची आनंदाची रीत असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा उभ्या उभ्या रडले.

मालनताईंनी व्हेनेसाला विचारलं, तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. मला म्हणाल्या की तुमच्या घरात सुतक, आणि तुम्ही आम्हाला पेढे वाटू दिलेत? एवढे परके वाटलो? लग्न मोडलेलं नाही. पण लग्नाची तारीख आता मालनताई पप्पांना विचारून ठरवणार आहेत, मला नाही.

पप्पा परवापासून माझ्याशी बोललेले नाहीत. कारण फक्त त्यांना आणि मला ठाऊक आहे, खटखटा थांबला तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. ताई, त्या हॉलमध्ये पहिली टाळी मी वाजवली.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
इनास