मेन पाडण्याआधी

सोमवार, १४ तारीख
दुपार, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहायला घेतलं होतं. पण ते खरं नाही. बाबा बसल्या बसल्या पेंगतात. काल त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. फुटला नाही, पण ते कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत राहिले. आईच्या डोळ्यांखाली काळं आलंय. बाबांचा श्वास झोपेत अडकतो तेव्हा त्यांना हलवून जागं करायचं काम, ते झोपेत लावायचं श्वासाचं मशीन बंद पडल्यापासून, तिच्याकडे आलंय.

वहिनीला नमस्कार सांग. तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शुक्रवारी तू म्हणालास, "अडाण्याच्या हातात मशीन दिलं, ही माझीच चूक. पुढच्या शनिवारी येतो आणि बाबांना इकडे घेऊन येतो. नवीन मशीन इथेच घेऊ, ही बघेल सगळं." मी म्हटलं, आणि आई? तर म्हणालास, "आईला इथे करमायचं नाही. आणि जागा कुठाय?"

फोन स्पीकरवर होता, दादा. आई समोर शेंगा मोडत बसली होती. तू ठेवलास तेव्हा ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो," आणि पुढची शेंग घेतली. परवापासून ती बाबांचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरतेय. भरते, काढते, परत घडी घालते. अडतीस वर्षं ती दोघं एका छपराखाली राहिली. बाबांना गरम वाढलेलं चालत नाही, डावा कान कमी ऐकतो, रागावले की ते खुर्ची भिंतीकडे फिरवतात, हे तुझ्या घरी कोण लक्षात ठेवणार? तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता.

आणि अडाणी कुणाला म्हणालास?

आठ महिन्यांपूर्वी तू ते मशीन पाठवलंस तेव्हा मी त्याची माहितीपुस्तिका अख्खी वाचली. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहून बाबांच्या पलंगाशी टांगल्या. 'उपकरण बंद केल्यानंतर आर्द्रतापात्रातील जल पूर्णतः रिक्त करावे.' आईने एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं आणि विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंस गं?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "मग पाणी ओत म्हणायचं की."

ज्या बाईला मी प्रौढांच्या वर्गात माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसवून वाचायला शिकवलं, तिने मला एका वाक्यात शिकवलं. आणि तो पुठ्ठा तिला लागलाही नाही. बाबा उठले की ती आधी मशीनचं बटण दाबायची. बटण दाबलं तरी आतला पंखा लगेच थांबत नाही, पाणी कोमट करणारी खालची तापलेली पट्टी निवेपर्यंत फिरत राहतो. तेवढा वेळ ती तिथेच उभी राहून पांघरुणांच्या घड्या घालायची. आवाज पूर्ण थांबला की मगच भिंतीतला प्लग काढायची. ओला हात आधी पदराला पुसून. मग पाण्याची डबी बाहेर, पाणी मोरीत, डबी उपडी. मास्क आणि नळी साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळत. उन्हात रबर कडक होतं हे पुस्तिकेत होतं, पण मी पुठ्ठ्यावर लिहायला विसरले होते. तिचं तिलाच कळलं. शेवटी मशीनवर झाकण. तिच्या जुन्या सुती साडीची तिने उशीच्या अभ्र्यासारखी टोपी शिवलीय, मागच्या बाजूला नळीसाठी भोक ठेवून. बाबा म्हणायचे, "माझ्यापेक्षा याचे लाड जास्त आहेत." ती म्हणायची, "ते घोरत नाही."

दोनशेच्या वर दिवस, एकदाही चुकली नाही. दोन कुकरच्या मधल्या वेळात करत होती.

सर्व्हिस सेंटरमधला तो माणूस तर तुझ्याहून वरचढ. आठ तारखेला आम्ही दोघी गेलो. त्याने मशीन उघडलं, आतला पाण्याचा डाग दाखवला आणि आईकडे न बघता मला म्हणाला, "यांना हात लावू देता कशाला? घरात शिकलेलं कुणी नाही का?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आहे की. माझी मुलगी पदवीधर आहे. ती घरात नव्हती त्या दिवशी." त्याने फॉर्म पुढे सरकवला. 'वापरणाऱ्याच्या हाताळणीतील चूक, हमी लागू नाही.' खाली आईने सही केली. सगळी अक्षरं सुटी, शेवटच्या अक्षरावर रेघ नीट ओढलेली. मीच शिकवलेली सही.

तीन तारखेला घरात रंगकाम होतं. घाई होती. मशीन हलवावं लागलं आणि हलवताना पाणी आत गेलं. झालं ते एवढंच. एवढ्यासाठी कुणी माणसांची ताटातूट करतं का?

सुट्टी संपली. उरलेलं उद्या.

मंगळवार, सकाळ

दादा, कालचं पत्र वर्गाला जाण्याआधी वाचून पाहिलं. माझ्या वर्गातल्या बायकांना मी सांगते की वाक्यात कर्ता लिहा, कुणी केलं ते कळलं पाहिजे. 'मशीन हलवावं लागलं', 'पाणी आत गेलं'. मीच तपासलं असतं तर लाल रेघ मारली असती.

तर नीट लिहिते.

तीन तारखेला सकाळी रंगारी पलंगामागच्या भिंतीपाशी शिडी लावून म्हणाला, "ताई, या भिंतीतला करंट बंद करा, बोर्ड उघडायचाय." बाबा नुकतेच उठून तोंड धुवायला गेले होते. त्यांनी मास्क काढून उशीवर ठेवला होता, मशीन चालूच होतं. आई स्वयंपाकघरात होती.

आपल्या घरातला नियम तुला माझ्याआधीपासून पाठ आहे. मेन स्विच पाडण्याआधी "पाडतोय" अशी हाक द्यायची आणि घरातून "पाड" असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. परत चालू करताना "उचलतोय" आणि "उचल". ज्याने पाडला त्यानेच उचलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबांनी आयुष्यभर वायरमनचं काम केलं आणि त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत ती या नियमामुळे, असं ते म्हणतात. तू सहावीत असताना उत्तराची वाट न बघता मेन पाडलास म्हणून बाबांनी तुला दिवसभर त्या बोर्डाखाली उभं केलं होतं. मी तुला चिडवलं होतं.

मी हाक दिली, "पाडतेय गं." आणि थांबले नाही. रंगारी शिडीवर ताटकळला होता, मला वर्गाला उशीर होत होता. मी मेन पाडला तेव्हा आईचं उत्तर अर्ध्यात होतं. "थांब, बाबांचं मशीन..."

मशीनमधला पंखा एकदम बंद झाला. पट्टी गरमच. आई हात पुसत आली आणि म्हणाली, "पाणी काढ आधी. दे, मी करते." मी म्हटलं, "आई, पुस्तिका मी वाचलीय. मला शिकवू नकोस."

असंच म्हटलं, दादा. रंगाऱ्यासमोर.

मग त्यावर रंग उडू नये म्हणून मी ते गरम मशीन प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं, वरून चादर बांधली, आणि पाण्याने भरलेल्या डबीसकट कडेवर आडवं घेऊन समोरच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. पाणी हिंदकळल्याचा आवाज मला आला होता. संध्याकाळी मी परत आणून लावलं तेव्हा आतून गुळण्या केल्यासारखा आवाज झाला, जळका वास आला, आणि ते गप्प झालं.

बाबांनी विचारलं, "कोणी हलवलं?" आई म्हणाली, "मी." मी तिथेच होते. प्लग लावताना ओल्या भिंतीचा रंग माझ्या हाताला लागला होता. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मला वाटलं, ते आईवर रागावले. तसं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

नंतर मी आईला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "मला अडाणी म्हटलं तर काय नवीन? तुला म्हणाले तर दादाने शाळा सोडली ती कशासाठी?" तू दहावीनंतर गोदामात कामाला लागलास, आणि पाहुण्यांना सांगतोस, आमच्यातली एक तरी शिकली. तेच वाक्य वाचवायला आई सेंटरमध्ये खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. शुक्रवारी तू तिला अडाणी म्हणालास तेव्हाही मी खरं न सांगता 'आणि आई?' एवढंच विचारलं. काल चार पानं तुझ्यावर भडकले, कारण ते सोपं होतं. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण निम्मा राग चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

आज संध्याकाळी सेंटरमध्ये जाऊन तो फॉर्म माझ्या नावावर बदलून मागणार आहे. हमी मिळणार नाही ते माहीत आहे. आईची सही मात्र त्या वाक्याखाली राहणार नाही. मशीन कसं दुरुस्त करायचं ते मी बघते. आणि ते परत आलं की त्याला हात आई लावेल, मी तिच्याकडून शिकेन. तो पुठ्ठा मी काढलाय. आई सांगेल तशा शब्दांत नवा लिहिणार आहे. पहिली ओळ तिने कालच सांगितली: 'आधी गप्प होऊ दे.'

शनिवारी ये. पण बाबांना न्यायला येऊ नकोस. नवीन मशीन घ्यायचंच असेल तर इथे आण. आणि आल्यावर आधी आईशी बोल.

हे पत्र मी आईला वाचायला दिलं. तिला अर्धा तास लागला. म्हणाली, "ते रंगाऱ्यासमोरचं काढ." काढलं नाही. बाबांना वाचून दाखवलं, उजव्या कानाशी. त्यांनी खुर्ची खोलीकडे वळवली.

मेन मी पाडला होता, दादा. आता मीच उचलतेय. आणि या वेळी तुझं उत्तर ऐकू येईपर्यंत हात तसाच धरून ठेवलाय.

बोर्डाखाली उभी असलेली,
तुझी मास्तरीण