निवडलेली डाळ

चि. श्रेणिक,

आज आशीर्वाद लिहीत न्हाई.

तीन वर्षं तू पुण्याहून फोनवर एकच सांगून राह्यला, "आई, मोतीबिंदू पिकू दे, मंग ऑपरेशन करू."

मी निवडलेली डाळ तुझी वहिनी रुचि गुपचूप पुन्हा निवडते. परवा मी तिला पकडलं, तवा तिनं डाळीतला किडा माझ्या तळहातावर ठेवला. दिसला न्हाई, वळवळला तवा कळला. ती नसती तर आपल्या जैनाच्या घरात माझ्या हातानं किती जीव शिजले असते रे?

काल तिनंच अंबडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिकायची वाट बघायची बिलकुल गरज नव्हती.

असलं कडू पत्र रुचि पोस्टात टाकू देणार न्हाई, म्हणून शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं अन् त्याच्याच हातानं धाडते. सोमवारी ऑपरेशन आहे. तू येऊ नको. पट्टी सुटली की पहिलं तोंड मला तिचं बघायचंय.

तुझी आई,
लाडबाई