आक्काची बंद झालेली सुई

कोल्हापूर, ६ जानेवारी २०२५

चि. बाळाबाई हिस, जय भीम व अ. आ.

मला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर लावावा लागतो आणि सगळं घर ऐकतं. म्हणून हे पत्र. उत्तर शेजारच्या चिमणाबाईंच्या पत्त्यावर टाक.

हाडं ठिसूळ झाली म्हणून मी दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेते, तुला ठाऊक आहे. प्रसेनजीतची जुनी कंपनी आईबापाच्या औषधाचे पैसे द्यायची. ती नोकरी गेली. डॉक्टर म्हणतात की ही सुई मध्येच सोडली तर मणके पटापट मोडतात. म्हणजे घेणं परवडत नाही आणि सोडायची सोय नाही. स्वस्तात मिळेल म्हणून पाच दुकानं हिंडले, सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानातही नव्हती.

प्रसेनजीत दीक्षाचा क्लास बंद करून सुई आणायला निघाला. नातीच्या शिक्षणावर मी माझी हाडं पोसू? सांगून टाकलं की डॉक्टरांनीच सुई बंद केली, हाडं आता भक्कम आहेत. सूनबाई श्रुतीनं पेढे आणले! नोव्हेंबरची सुई चुकली ती चुकलीच. मला भीती वाटते गं.

लोभ असू दे, आणि तोंड बंद असू दे.

तुझी आक्का

राधानगरी, १४ जानेवारी

ती. आक्कास, जय भीम. सा. न. वि. वि.

जन्मभर बालवाडीत पोरांना खरं बोलायला शिकवलंस आणि आता हा उद्योग! वाचून राग आला, मग रडू आलं.

डेअरीत दूध घालायला येणाऱ्या बयाबाईची पूर्णिमा औषधांच्या घाऊक दुकानात कामाला आहे. तिला विचारलं. ती म्हणाली की मावशी, त्येच औषध दुसऱ्या कंपनीचं निम्म्याच्या आत मिळतंय की, डॉक्टरांकडनं कंपनीचं न्हाई, नुसतं औषधाचं नाव लिहून आणा. भाऊजींच्या माघारी तुला येते त्या पेन्शनीत बसेल. लगेच जा. आणि पोराला खरं सांग, नाहीतर मी येऊन सांगेन.

रागावलीस तरी चालेल, पण ऐक.

तुझी बाळाबाई

कोल्हापूर, १८ फेब्रुवारी

चि. बाळाबाई हिस, अ. आ.

सुई मिळाली. पूर्णिमाचं भलं होवो. एकटीनं बाहेर पडायला निमित्तच सापडेना, त्यात महिना गेला. शेवटी विहारात जाते म्हणून सांगितलं आणि काल टोचून आले.

पण उशीर झाला. माझी हाडं भक्कम म्हणून श्रुतीनं नळाच्या कळशा माझ्याकडे सोपवल्या होत्या. तिला लवकर कामावर जावं लागतं, तिची काही चूक नाही. आज सकाळी कळशी उचलली आणि पाठीत कट्‌कन मोडल्यासारखं झालं.

कुणाला सांगू? कळ सांगितली तर खोटं उघडं पडेल, आणि प्रसेनजीत जन्मभर स्वतःला बोल लावेल. येऊन सांगेन म्हणाली होतीस ना? ये. मला जमत नाही.

पडून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. आत्ता पाच वाजलेत. साडेपाचला श्रुती येते, त्याआधी मला उठून उभं राहायचंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आक्का